राग आणि बंदूक यांच्यातलं अंतर

आचारसंहिता लागली की नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतल्या पोलीस ठाण्यांत एक वेगळीच वर्दळ सुरू होते. कुणी गोणपाटात गुंडाळलेली बारा बोरची बंदूक घेऊन येतो, कुणी कमरेचं रिव्हॉल्व्हर काढून टेबलावर ठेवतो. हवालदार परवाना उघडतो, शस्त्रावर कोरलेला नंबर त्याच्याशी ताडून पाहतो, काडतुसं मोजतो, रजिस्टरला नोंद करतो आणि पावती देतो. 2024 मध्ये हे दोनदा झालं. लोकसभेसाठी नांदेडला 26 एप्रिलला आणि लातूरला 7 मे रोजी मतदान होतं. मग 20 नोव्हेंबरला विधानसभा आली आणि त्याच दिवशी नांदेड लोकसभेची पोटनिवडणूकही. शस्त्र सगळ्यांनाच जमा करावं लागत नाही. कुणाचं घ्यायचं हे जिल्ह्याची छाननी समिती ठरवते.

त्या एवढ्याशा पावतीत केवढा मोठा दावा दडला आहे, याचं मला नेहमी नवल वाटतं. माणसं तीच, भाऊबंदकी तीच, गावातलं वैरही तेच. फक्त तापलेल्या दिवसांत बंदूक घरात नको, म्हणजे रक्त कमी सांडेल, असं सरकार त्या कागदावर म्हणत असतं. हे खरं आहे का? बंदुकीचा कायदा सैल केला तर खरोखर जास्त माणसं मरतात का?

हे तपासणं वाटतं तितकं सोपं नाही. एखाद्या राज्यात कायदा बदलला आणि खून वाढले, तर ते कायद्यामुळे वाढले की बेकारीमुळे, टोळ्यांमुळे, की सगळीकडेच वाढत होते म्हणून? शेतकऱ्याला हा पेच चांगला ठाऊक आहे. नवं बियाणं पेरलं आणि सोयाबीन जोमदार आलं, तर श्रेय बियाण्याचं की पावसाचं? म्हणून शहाणा शेतकरी शेजारच्या पट्ट्यात जुनं बियाणंही ठेवतो आणि दोन्ही पट्ट्यांची रास समोरासमोर मोजतो.

अमेरिकेत असे पन्नास पट्टे आहेत, कारण तिथे बंदुकीचा कायदा बराचसा राज्याराज्यांच्या हातात आहे. मिझुरी राज्यात पिस्तूल घ्यायचं तर आधी स्थानिक शेरीफकडे जाऊन परवाना काढावा लागे. 2007 मध्ये ही अट रद्द झाली. उलट कनेक्टिकट राज्याने 1995 मध्ये अशीच अट नव्याने घातली. पुढे संशोधकांनी एक सुंदर युक्ती वापरली. इतर राज्यांचं योग्य प्रमाणात मिश्रण करून त्यांनी कागदावर त्या राज्याचं जुळं भावंड तयार केलं. कायदा बदलण्याआधीच्या वर्षांत दोघांचे आकडे हातात हात घालून चालायला हवेत, तरच ते जुळं खरं. मग पाहायचं, कायदा बदलल्यावर वाटा कुठे फुटतात. कनेक्टिकटमध्ये बंदुकीने होणारे खून जुळ्याच्या मानाने घटले. पहिल्या अभ्यासात ही घट 40 टक्के निघाली, नंतरच्या फेरतपासणीत 28 टक्के. मिझुरीत खून वाढले. पहिल्या अंदाजानुसार साधारण 25 टक्क्यांनी. आकड्यांवर वाद आहेत, दिशा मात्र दोन्हीकडे एकच सांगते: अट आली तिथे खून घटले, अट गेली तिथे वाढले.

भारतात शस्त्र कायदा 1959 सगळ्या देशाला एकच आहे. मग इथे तुलनेला पट्टे कुठून आणायचे? उत्तर आपल्या शेजारीच आहे. कायदा एक असला तरी परवान्यावर सही करणारा हात जिल्ह्याजिल्ह्याला वेगळा असतो. पोलीस आयुक्तालय नसलेल्या जिल्ह्यात हा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांचा. पोलिसांचा अहवाल येतो, ‘जिवाला धोका’ किंवा ‘पिकाचं रक्षण’ असं कारण तपासलं जातं, आणि सार्वजनिक शांततेसाठी गरज वाटली तर अर्ज नाकारता येतो.

डिसेंबर 2024 मध्ये बीड जिल्ह्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचा खून झाला आणि या सह्यांकडे सगळ्या महाराष्ट्राचं लक्ष गेलं. सामाजिक कार्यकर्त्या अंजली दमानिया यांनी तेव्हा मांडलेल्या आकड्यांनुसार बीडमध्ये 1,222 शस्त्र परवाने होते आणि परभणीत अवघे 32. 2011 च्या जनगणनेत बीडची लोकसंख्या सुमारे 25.85 लाख आणि परभणीची 18.36 लाख. म्हणजे बीडला दर लाखामागे 47 परवाने, परभणीला दोनसुद्धा नाहीत. गोदावरी दोघांची, कायदा दोघांचा, आणि तफावत सत्तावीस पट! पुढे बीडच्या प्रशासनाने फेरतपासणी करून शंभराहून अधिक परवाने रद्द केले. कायद्याचं एक अक्षरही न बदलता तो सैल होऊ शकतो आणि पुन्हा आवळताही येतो, हे मराठवाड्याने डोळ्यांनी पाहिलं.

पण इथेच थांबून विचार करायला हवा. देशमुख यांचा जीव बंदुकीने गेला नाही. त्यांना मारहाण करून मारलं गेलं. परवान्यांची संख्या आणि क्रूरता यांच्यात सरळ रेघ ओढता येत नाही. कर्नाटकातल्या कोडगू जिल्ह्यात कोडवा समाजाला इंग्रजी अमदानीपासून परवान्याची सूट आहे. तिथे मूल जन्मलं की बंदुकीचा बार काढतात, कैलपोद सणाला तिची पूजा करतात. तरी कोडगूचं नाव गोळीबारासाठी घेतलं जात नाही. बंदूक कुठल्या रीतीभातीत, कुणाच्या नजरेखाली ठेवली आहे, यानेही फरक पडतो.

शिवाय आपल्याकडे बंदुकीने होणारे बहुतेक खून विनापरवाना शस्त्रांनी होतात. 5 एप्रिल 2022 रोजी नांदेडमध्ये एका बांधकाम व्यावसायिकाला भरदिवसा त्याच्या घरासमोर गोळ्या घातल्या, तेव्हा सगळं शहर हादरलं. मराठी वर्तमानपत्रांत ‘गावठी कट्टा आणि जिवंत काडतुसं जप्त’ ही ओळ वारंवार येते, आणि तिच्यासोबत अनेकदा एक नाव येतं, उमर्टी. जळगाव जिल्ह्याच्या सीमेला लागून मध्य प्रदेशात असलेलं हे गाव, जिथून असे कट्टे इकडे येतात. शिकागोची गोष्टही अशीच आहे. तिथे कायदा कडक, पण गुन्ह्यांत सापडलेल्या बंदुकांचा माग काढला तर बऱ्याच शेजारच्या इंडियानातून आलेल्या असतात, जिथे कायदा सैल आहे. आपलं शेत कितीही राखलं तरी शेजारचा बांध फुटला की पाणी आत शिरणारच. त्यामुळे कडक कायदा निरुपयोगी ठरत नाही. तो एकट्याने पुरत नाही, एवढंच.

या सगळ्या अभ्यासातली सर्वांत विलक्षण गोष्ट मला वेगळीच वाटते. 2021 मध्ये अमेरिकेत बंदुकीने 48,830 माणसं गेली. त्यातल्या निम्म्याहून जास्त, 26,000 हून अधिक, आत्महत्या होत्या. आपण कल्पना करतो गुंडांची. प्रत्यक्षात बंदूक सगळ्यांत जास्त उठते ती स्वतःवर. म्हणून मुलांच्या हाती लागू नये अशा रीतीने घरातली बंदूक कुलपात ठेवायला लावणारे कायदे तिथे सर्वांत परिणामकारक ठरलेल्या उपायांत मोडतात.

हे वाचताना नांदेड-लातूरच्या माणसाला घरचीच आठवण येईल. आपल्या शेतकऱ्याच्या घरात कोपऱ्यात बंदूक नसते, कीटकनाशकाचा डबा असतो. श्रीलंकेत 1995 च्या सुमारास आत्महत्यांचं प्रमाण लाखामागे 47 होतं. सरकारने सर्वांत जहाल कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी घातली आणि दहा वर्षांत हे प्रमाण निम्म्यावर आलं. कर्ज संपलं नाही, दुःख संपलं नाही. त्या एका असह्य घटकेला जीवघेणी वस्तू हाताशी राहिली नाही, आणि हजारो माणसं पुढची सकाळ पाहायला जगली.

बंदूक असो की विष, इथे येऊन गाठ एकच सुटते. राग ओसरतो. निराशेची लाट येते तशी मागेही जाते. त्या घटकेत हाताला काय लागतं, यावर पुष्कळसं ठरतं. शेरीफकडचा हेलपाटा, जिल्हाधिकाऱ्यांची सही, कपाटाचं कुलूप ही सगळी त्या घटकेची लांबी वाढवणारी साधनं आहेत. कायदा माणसाचं मन बदलू शकत नाही. मन बदलायला लागणारा वेळ मात्र तो मिळवून देऊ शकतो.

निकाल लागतो, गुलाल उधळून होतो, आचारसंहिता उठते. पावती घेऊन माणसं पुन्हा ठाण्यात येतात, हवालदार नंबर ताडून बंदूक परत देतो. त्या काही आठवड्यांत एखाद्या गावात एखादं भांडण शिवीगाळीवर, फार तर डोकं फुटण्यावर निभावलं असेल. त्याची नोंद कुठल्याच रजिस्टरला नसते. ज्याला गोळी लागली नाही, तो माणूस सकाळी उठून पुन्हा शेतावर गेलेला असतो.