ज्याचा गळा, त्याचा हक्क

लेखमाला : निर्मिती आणि कायदा – भाग सहावा

वाशिमचे जुने नाव वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी. दहाव्या शतकाच्या आरंभी राजशेखराने ‘काव्यमीमांसा’ लिहिली, तेव्हा काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचे लग्न विदर्भातल्या याच वत्सगुल्मात लागले, असे त्याने सांगितले. वाशिमकर ही कथा अभिमानाने सांगतात. त्याच ग्रंथात वाङ्मयचौर्याची तपशीलवार चर्चा आहे, हे मात्र फारसे कुणी सांगत नाही. आधीच्या कवीचे शब्द उचलले की अर्थ, आणि उचलून त्याचे काय केले, याच्या पायऱ्याच राजशेखराने लावल्या आहेत. आरशातल्या प्रतिबिंबासारखी हुबेहूब उचल वेगळी आणि मूळ वस्तूवर नवा संस्कार केलेली, चित्रासारखी उचल वेगळी. दोन माणसे तोंडावळ्याने सारखी दिसावीत पण जीव निराळे असावेत, तसे साम्य आणखी वेगळे. १९७८ मध्ये आर. जी. आनंद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एक नाटक आणि एक चित्रपट शेजारी ठेवून जवळपास हाच विचार केला. कल्पनेवर कुणाची मालकी नसते, मालकी असते ती कल्पना ज्या रूपात मांडली त्या रूपावर.

राजशेखराची ही सगळी मोजदाद कवीची आहे. आपला कायदाही बरीच वर्षे तेवढ्यावरच थांबला होता. कॉपीराइटचा १९५७ चा कायदा २१ जानेवारी १९५८ पासून लागू झाला. त्यात लेखकाला हक्क मिळाला, संगीतकाराला मिळाला, रेकॉर्ड काढणाऱ्या कंपनीलाही मिळाला. गाणाऱ्याला काहीच मिळाले नाही. संगीतकाराच्या हक्कालाही एक अट होती. चाल स्वरलिपीत किंवा दुसऱ्या कोणत्या रीतीने कागदावर उतरलेली असेल तरच ती ‘संगीतकृती’. आपल्याकडची चाल गळ्यातून गळ्यात जाते. हार्मोनियमवर बोट ठेवून तिथल्या तिथे चाल बांधणारे शाहीर आणि भजनी मंडळांचे पेटीवाले या व्याख्येत बसणार कसे?

१९७७ मध्ये चित्रपटसंगीताच्या रॉयल्टीचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. न्या. कृष्ण अय्यर यांनी निकालाला आपली स्वतंत्र पुरवणी जोडली. भारतीय संगीतात गाण्यात जीव ओततो तो गायक, आणि कायद्याने त्यालाच बाहेर ठेवले आहे. संसदेने याकडे लक्ष द्यावे, असा तिचा आशय होता. त्याच सुमारास मुंबई उच्च न्यायालयात देव आनंद यांचा खटला आला. अभिनेत्याला आपल्या अभिनयावर कॉपीराइट नाही, असे न्यायालयाने सांगितले. देव आनंदसारख्या माणसाची ही गत, तर मंगरूळपीरच्या कलापथकात डफ वाजवणाऱ्याने कुणाच्या तोंडाकडे पाहायचे?

संसदेने कायदा बदलला तो १९९४ मध्ये, आणि १० मे १९९५ पासून तो अमलात आला. शिरपूरच्या नामदेव कांबळे यांच्या ‘राघववेळ’ला साहित्य अकादमी मिळाली ते वर्षही १९९५. कादंबरीकाराचा हक्क तेव्हा जुना झाला होता, गायकाच्या हक्काचा मात्र तो जन्म. त्याआधी कॅसेटच्या जमान्यात ज्यांनी भीमगीते, भक्तिगीते, लोकगीते गायली, त्यांना कायद्यात गायक म्हणून जागाच नव्हती. एका रात्रीत आठ-दहा गाणी ध्वनिमुद्रित करायची, ठरलेली बिदागी घ्यायची आणि एसटीने गावी परतायचे. त्यांच्या आवाजावर मग वर्षानुवर्षे कॅसेटी खपल्या. ही मला मोठी सामाजिक हानी वाटते. ते नुसते पैशांचे नुकसान नव्हते. आपण मालक आहोत ही कल्पनाच त्या पिढीच्या मनात रुजली नाही, आणि तिने पुढच्या पिढीलाही ती दिली नाही.

आता कायद्यात ‘कलावंत’ कुणाला म्हटले आहे ते पाहा. अभिनेता, गायक, वादक, नर्तक हे तर आहेतच. पुढे कसरती करणारा, हातचलाखीचे खेळ करणारा, जादूगार, गारुडी आणि व्याख्यान देणारा अशी यादी जाते, आणि शेवटी प्रत्यक्ष सादरीकरण करणारा दुसरा कुणीही. म्हणजे गावच्या पारासमोर दोरीवर चालणारी डोंबाऱ्याची पोर या कायद्यात आहे. सप्ताहात उभे राहणारे कीर्तनकार महाराज आहेत आणि वऱ्हाडी कविता म्हणणारा कवीही आहे. नोंदणीची अट नाही, शुल्क नाही. सादरीकरण झाले की हक्क जन्मला.

या हक्कात काय येते? तुमच्या परवानगीशिवाय तुमच्या सादरीकरणाचे ध्वनिमुद्रण किंवा चित्रीकरण करता येत नाही. त्याच्या प्रती काढणे, विकणे, प्रसारित करणे, लोकांपर्यंत पोचवणे, या सगळ्याला तुमचा होकार लागतो. स्वतःपुरते ठेवलेले चित्रीकरण, अध्यापन-संशोधन आणि बातमीतला तुकडा यांना सूट आहे. मुदत पन्नास वर्षांची, आणि ती पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून मोजायची. २०१० च्या होळीत गायलेल्या गाण्यावरचा हक्क ३१ डिसेंबर २०६० पर्यंत टिकेल.

होळीचे उदाहरण मुद्दाम घेतले. मानोरा तालुक्यातले पोहरादेवी हे देशभरच्या बंजारा समाजाचे तीर्थक्षेत्र आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये तिथे बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन झाले. होळीला तांड्यातांड्यांतून लेंगी गायली जाते. परंपरेने आलेली लेंगी कुणी रचली हे सांगता येत नाही, म्हणून तिच्यावर कुणाचाच कॉपीराइट नाही. ती कुणीही गावी. पण तांड्यातल्या एखाद्या बाईने ती गायली, तर त्या गाण्यावर तिचा कलावंत म्हणून हक्क आहे. एखाद्या कंपनीने तिच्या संमतीने ती मुद्रित केली, तर त्या मुद्रणावर कंपनीचा हक्क आहे. लेंगी मात्र मोकळीच राहते.

इथेच अनेक जण फसतात. आपण पारंपरिक गाणे स्वतःच्या आवाजात, स्वतःच्या वाद्यांवर गाऊन यूट्यूबवर टाकतो आणि दुसऱ्याच कंपनीचा दावा येतो. घाबरून व्हिडिओ काढून टाकतात, नाहीतर कमाई मुकाट्याने सोडून देतात. तसे करू नका. कंपनीची मालकी तिच्या मुद्रणापुरती आहे. तुम्ही तिचे मुद्रण किंवा तिने नव्याने केलेली संगीतरचना वापरली नसेल, तर त्या दाव्याला तिथेच लेखी हरकत घेता येते. मूळ गाणे पारंपरिक असल्याचे आणि आवाज, वाद्ये तुमची असल्याचे स्पष्ट लिहा.

सप्ताहाचेही असेच. धार्मिक विधीत गाणी-अभंग सादर केले म्हणून कॉपीराइटचा भंग होत नाही, तशी सूट कायद्यानेच दिली आहे. लग्नाच्या वरातीलाही ती आहे. पण महाराजांचे दोन तासांचे कीर्तन कुणी तरी चित्रित करायचे, त्याचे तुकडे पाडायचे आणि जाहिरातींवर पैसे मिळवायचे, याला त्या सुटीचा आधार नाही. कीर्तन देवाच्या दारात झाले असले, तरी ते महाराजांचे सादरीकरण आहे.

२०१२ च्या दुरुस्तीने कलावंताला आणखी दोन गोष्टी दिल्या. सादरीकरण आपले आहे हे सांगण्याचा, म्हणजे नाव लावून घेण्याचा हक्क, आणि बदनामी होईल अशी मोडतोड थांबवण्याचा हक्क. या वत्सगुल्माचा राजा सर्वसेन याचे ‘हरिविजय’ हे प्राकृत काव्य आज हाती नाही. नंतरच्या काव्यशास्त्रकारांनी त्याचा नावानिशी हवाला दिला, म्हणून सर्वसेन कवी होता हे आपल्याला ठाऊक आहे. व्हिडिओखालच्या माहितीत निर्माता, कॅमेरामन, एडिटर सगळ्यांची नावे असतात आणि कोरसमधल्या चार बायांची नसतात, तेव्हा मला हे आठवते.

आता कागदाकडे येऊ. हक्क जातो तो बहुतेक वेळा सहीने. स्टुडिओत गाणे झाले की स्टॅम्पपेपर पुढे येतो. त्यावर साधारण असा मजकूर असतो : ‘सदर गाण्याचे सर्व हक्क, सर्व माध्यमांत, संपूर्ण जगभर, कायमस्वरूपी’. या एका ओळीत चार गोष्टी दिल्या जातात आणि चारही खोडता येतात. हक्क देण्याचा करार लेखीच लागतो आणि त्यात कोणता हक्क, किती काळ, कोणत्या प्रदेशासाठी, किती मोबदल्यात हे लिहावे लागते. काळ लिहिलेलाच नसेल तर कायदा पाच वर्षे धरतो. प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. घेणाऱ्याने एका वर्षात हक्क वापरलाच नाही आणि करारात वेगळे काही नसेल, तर तो हक्क परत येतो. म्हणून ‘कायमस्वरूपी’च्या जागी वर्षांचा आकडा घाला, ‘सर्व माध्यमांत’च्या जागी माध्यमाचे नाव घाला, आणि कागदाची एक प्रत घरी आणा. फोटो काढला तरी चालेल. मला भेटलेल्या गायकांपैकी बहुतेकांकडे प्रत नव्हती.

चित्रपटासाठी गायलात तर नियम थोडा निराळा आहे. लेखी संमती दिल्यावर निर्मात्याला अडवता येत नाही, पण सादरीकरणाचा व्यापारी वापर झाला तर रॉयल्टीचा हक्क शिल्लक राहतो.

आवाजाची यंत्राने नक्कल करण्याचे नवे संकट आहेच. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अरिजित सिंग यांच्या आवाजाची अशी नक्कल करणाऱ्यांना अंतरिम आदेशाने मनाई केली. आधार होता व्यक्तिमत्त्वाच्या हक्काचा. नामवंत गायकाला तो सहज मिळाला, गावच्या गायकाला तितका सहज मिळेलच असे नाही. त्यामुळे आजच्या करारात ‘आवाजाचा वापर यांत्रिक नक्कल तयार करण्यासाठी करता येणार नाही’ हे वाक्य घालून घेणे शहाणपणाचे.

‘कोर्टकचेरी मुंबईत, आम्ही कुठे जाणार?’ हा प्रश्न पत्रांतून वारंवार येतो. दावा जिल्हा न्यायालयात चालतो, आणि हक्कदार जिथे राहतो किंवा काम करतो तिथेही तो दाखल करता येतो. कंपनी अंधेरीची असली, तरी रिसोडच्या गायिकेला वाशिममध्ये दावा लावता येतो. हा विषय मुळातून शिकायची इच्छा असणाऱ्यांसाठी नागपूरला केंद्र सरकारची राजीव गांधी राष्ट्रीय बौद्धिक संपदा व्यवस्थापन संस्था आहे.

पुढच्या आठवड्यात लग्नातला बँड आणि डीजे. परवाना मागायला येणाऱ्यांना नेमके काय विचारायचे, आणि गोवा सरकारचे या विषयावरचे परिपत्रक मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये का रद्द केले, ते पाहू.