दोन आज्ञांचा सेवक : अमेरिकेतील लष्करी महाधर्मप्रांत आणि त्याचे चॅप्लेन

‘चॅप्लेन’ या शब्दाच्या मुळाशी एका सैनिकाचा झगा आहे. पुढे तूरचा बिशप झालेल्या संत मार्टिनने रोमन सैन्यात असताना आपला झगा कापून अर्धा एका भिकाऱ्याला दिला, अशी आख्यायिका आहे. उरलेल्या वस्त्राला पवित्र अवशेषाचे स्थान मिळाले. फ्रँक राजे ते युद्धात बरोबर नेत, आणि त्या ‘कापा’ची राखण करणारे धर्मगुरू ‘कापेलानी’ म्हणून ओळखले जाऊ लागले. राजसत्ता आणि धर्मसत्ता यांची गुंतागुंत अशी या शब्दाच्या जन्मापासूनच त्याच्या वाट्याला आलेली आहे. अमेरिकेतील कॅथॉलिक चर्चने ती कशी हाताळली, हे पाहणे उद्बोधक ठरते.

अमेरिकी सैन्यात धर्मगुरूंची नेमणूक २९ जुलै १७७५ च्या काँग्रेसच्या निर्णयापासून चालत आली आहे. चॅप्लेन गणवेश घालतो, त्याला अधिकाऱ्याचा हुद्दा असतो आणि वेतन सरकार देते. परंतु कोण खरा धर्मगुरू हे ठरविण्याचा अधिकार सरकारला नाही. राज्यघटनेची पहिली दुरुस्तीच तो घेऊ देत नाही. म्हणून प्रत्येक उमेदवाराला आपल्या पंथाचे मान्यतापत्र सादर करावे लागते. पंथाने ते काढून घेतले, तर चॅप्लेन म्हणून त्याची लष्करी सेवा संपुष्टात येते. या एका कागदावर चर्चचा सारा अधिकार उभा आहे, आणि त्याची जबाबदारीही.

ही जबाबदारी उचलण्यासाठी कॅथॉलिक चर्चने एक आगळी रचना केली. १९१७ मध्ये, पहिल्या महायुद्धाच्या काळात, न्यूयॉर्कचे पॅट्रिक हेस यांच्याकडे सैनिकांचे बिशपपद सोपविण्यात आले. १९५७ मध्ये या व्यवस्थेला स्थायी रूप आले आणि १९८५ मध्ये तिचे लष्करी महाधर्मप्रांतात रूपांतर झाले. पुढल्याच वर्षी पोप दुसरे जॉन पॉल यांनी जगभरच्या अशा लष्करी धर्मप्रांतांसाठी विशेष संविधान प्रसृत केले. या महाधर्मप्रांताला स्वतःची भूमी नाही. त्याचे श्रद्धाळू जहाजांवर, परदेशांतील तळांवर आणि लष्करी अकादमींमध्ये विखुरलेले असतात. सैनिकाचे बिऱ्हाड सतत हलते; त्याच्या लेकराचा बाप्तिस्मा एका देशात, तर दृढीकरण दुसऱ्या देशात होते. त्या संस्कारांच्या नोंदवह्या वॉशिंग्टन येथे एकत्र जपल्या जातात. वरवर पाहता हे कारकुनी काम; पण कॅथॉलिक विवाहासाठी बाप्तिस्म्याचा दाखला लागतो, हे जाणणाऱ्याला त्याचे मोल सांगावे लागत नाही.

खरी अडचण मनुष्यबळाची आहे. महाधर्मप्रांतातले बहुतेक धर्मगुरू उसने असतात : ते आपापल्या मूळ धर्मप्रांताचे किंवा संन्यासी संघाचेच राहतात आणि तेथील बिशपांनी मोकळे केल्यावरच सैन्यात येतात. ज्या बिशपाकडे स्वतःच्याच चर्चगृहांना पुरेसे धर्मगुरू नाहीत, त्याने तरुण धर्मगुरू का द्यावा? या प्रश्नावर १९८० च्या दशकात व्यवहारी तोडगा निघाला. सेमिनरीतील विद्यार्थ्याच्या शिक्षणाचा खर्च मूळ धर्मप्रांत आणि महाधर्मप्रांत वाटून घेतात; दीक्षेनंतर तो सुमारे तीन वर्षे घरच्या धर्मप्रांतात सेवा करतो आणि मगच लष्करात जातो. महाधर्मप्रांताला सरकारी अनुदान नाही. त्याचा वाटा देणग्यांतून उभा राहतो.

गणवेशातील धर्मगुरू कमी पडतात, तेथे कंत्राटी धर्मगुरू नेमले जातात. ऑक्टोबर २०१३ मध्ये अमेरिकी शासनाचे कामकाज निधीअभावी ठप्प झाले, तेव्हा जॉर्जियातील किंग्ज बे नौदल तळावरील अशा धर्मगुरूला विनामोबदलाही मिस्सा अर्पण करण्यास मनाई झाली, आणि प्रकरण न्यायालयात गेले. चर्चची मान्यता होती, श्रद्धाळू होते, चर्चगृहही होते. केवळ कंत्राट थांबले होते. चर्चचा आधार कोठवर पोहोचतो, हे याहून स्पष्ट क्वचितच दिसले असेल.

नागरी क्षेत्रात चित्र थोडे वेगळे आहे. निवृत्त सैनिकांसाठीची सरकारी रुग्णालये याच महाधर्मप्रांताच्या कक्षेत येतात. इतर रुग्णालयांतील कॅथॉलिक चॅप्लेनांना स्थानिक बिशपाची मान्यता लागते, आणि १९६५ मध्ये स्थापन झालेली त्यांची राष्ट्रीय संघटना त्यांना प्रमाणित करते. येथे सामान्य धर्मबंधू आणि धर्मभगिनीही चॅप्लेन असतात. त्यांना रुग्णशय्येजवळच्या प्रशिक्षणाची चार सत्रे पूर्ण करावी लागतात. प्रत्येक सत्र किमान ४०० तासांचे. लष्करात हुद्दा जे काम करतो, ते येथे प्रमाणपत्राला करावे लागते.

भारतीय सैन्यात पंडित, ग्रंथी, मौलवी, पाद्री हे धर्मशिक्षक कनिष्ठ आयुक्त अधिकारी असतात आणि त्यांचे प्रशिक्षण पुण्यातील राष्ट्रीय एकात्मता संस्थेत होते. येथे सैन्यच पालक आहे. अमेरिकेत पालकत्व विभागलेले आहे.

त्या विभागणीचे एक उदाहरण एमिल कापौन. कॅन्ससमधील विचिता धर्मप्रांताचा हा धर्मगुरू दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस ब्रह्मदेश-भारत आघाडीवर होता. नोव्हेंबर १९५० मध्ये कोरियातील उन्सान येथे जखमींना सोडून जाण्यास नकार देऊन तो युद्धबंदी झाला आणि २३ मे १९५१ रोजी बंदिवासातच वारला. सरकारने २०१३ मध्ये त्याला सर्वोच्च शौर्यपदक दिले. चर्चने २०२५ मध्ये ‘वंदनीय’ घोषित केले. २०२१ मध्ये अनामिक सैनिकांच्या अवशेषांतून त्याची ओळख पटली, तेव्हा त्याला मूळ धर्मप्रांताच्या स्वाधीन करण्यात आले. आज तो विचिताच्या कॅथीड्रलमध्ये विसावला आहे.