टाळूवरचं बोट

सकाळी ७

पहाटे बाळंत झालेल्या पहिलटकरणीचं बाळ अडीच किलो भरलं आहे. मेळघाटात हे वजन ऐकलं की सिस्टरपासून आजीपर्यंत सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. जन्मल्यावर तासाभरात बाळाच्या मांडीत व्हिटॅमिन के टोचलं, ते वहीत वेळेसकट लिहिलंय. ती नोंद मी रोज आधी पाहते, मग बाळाच्या टाळूवर बोट ठेवते.

टाळूला हाड नसतं. कातडीखाली लगेच मेंदूची वेष्टनं लागतात. सगळ्यांत बाहेरचं ड्यूरा जाड आणि चिवट, त्याच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखं अरॅक्नॉइड, आणि मेंदूच्या प्रत्येक घडीत शिरून बसलेलं पाया मेटर. शेवटच्या दोन थरांच्या मधे पाणी खेळतं. मोठ्या माणसात हे पाणी जेमतेम दीडशे मिलिलिटर असतं, पण दिवसाला जवळपास पाचशे मिलिलिटर नवं तयार होतं आणि तितकंच रक्तात शोषलं जातं. चौदाशे ग्रॅमचा मेंदू त्यात तरंगतो म्हणून कवटीच्या तळावर त्याचा भार पन्नासेक ग्रॅमचाच पडतो. या पाण्याची वाट मेंदूच्या आत एका ठिकाणी फार अरुंद आहे. ती तुंबली की लेकराचं डोकं वाढत जातं. म्हणून टेप. आज चौतीस सेंटिमीटर. आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी घरी जाईल, पुढे बेचाळिसाव्या दिवसापर्यंत जात राहील. डोकं नजरेला मोठं वाटलं तर तिनं कुणाची वाट न बघता मला कळवायचं, असं आमचं ठरलेलं आहे.

आजी म्हणते, टाळूवर तेल घालू का. घाला. दाबू नका, आणि रोज बघत जा. खोल गेली तर लेकराच्या अंगातलं पाणी कमी झालंय, फुगून ताठ झाली तर आत काहीतरी बिघडलंय. दोन्ही वेळी लेकरू घेऊन इथं यायचं. आजीला हे दुसऱ्यांदा सांगावं लागत नाही.

सकाळी ९.३०

ऑगस्टातली ओपीडी म्हणजे ताप, खोकला, जुलाब, खरूज. डोकं दुखतं म्हणणारे पुष्कळ येतात. बहुतेकांचं तापानं, उपाशीपोटी केलेल्या निंदणानं किंवा रात्रीच्या मोहाच्या दारूनं दुखतं. तरी तापातल्या प्रत्येकाला मी हनुवटी छातीला लावायला सांगते. वेष्टनांना सूज आली असेल तर मान लाकडासारखी ताठ राहते आणि माणूस वाकवू देत नाही. याला अर्धं मिनिट लागतं. गर्दी कितीही असो, ते अर्धं मिनिट मी सोडत नाही.

माखल्याहून एका म्हाताऱ्याला मुलानं आणलंय. "बुढा झाला मॅडम, भुलते सगळं." पण हे भुलणं पंधरा दिवसांतलं आहे, आणि महिन्याभरापूर्वी बैलानं ढकलल्यामुळे म्हातारा दगडावर पडला होता. वयानं आणि दारूनं मेंदू आकसतो, ड्यूराकडे जाणाऱ्या बारीक शिरा ताणल्या जातात, आणि एखादी तुटली की थेंबथेंब रक्त आठवडेच्या आठवडे साचत राहतं. म्हाताऱ्याला दोन्ही हात समोर धरून डोळे मिटायला लावले. उजवा हात हळूहळू खाली आला. मुलाला सांगितलं, हे म्हातारपण नसावं. अमरावतीला सीटी काढा. रक्त साचलेलं निघालं तर कवटीला भोक पाडून ते काढतात आणि माणूस पुष्कळदा पहिल्यासारखा बोलायला लागतो. मुलगा थोडा वेळ बापाच्या हाताकडे बघत राहिला. शेवटी म्हणाला, "उद्याच नेतो."

सकाळी ११

सिकलसेलची नऊ वर्षांची मुलगी औषधाला आली आहे. सहज विचारलं, शाळेत कशी आहेस. आई म्हणाली, परवा हातातून पेन्सिल पडली, तोंडही वाकडं झालं, दहा मिनिटांनी आपोआप बरं वाटलं.

या "आपोआप बरं वाटलं"ची मला भीती वाटते. शरीराच्या वजनात मेंदूचा वाटा दोन टक्के, पण प्राणवायू तो वीस टक्के खातो. मानेतून चढणाऱ्या चार रोहिण्या त्याला तो पुरवतात आणि तळाशी एकमेकींना जोडून कडं करतात. थॉमस विलिस या इंग्रज वैद्यानं 1664 साली त्याचं वर्णन केलं, त्याचंच नाव त्या कड्याला आहे. विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशी या मोठ्या रोहिण्यांच्या आतल्या अस्तराला इजा करतात, वाट अरुंद होत जाते आणि शाळकरी वयात लकवा येतो. सिकलसेलच्या शंभर मुलांवर उपचारच केले नाहीत तर वीस वर्षांची होईपर्यंत अकराएक जणांना लकवा गाठतो. डोक्यावर डॉप्लर लावून रक्ताचा वेग मोजला की धोका आधी कळतो. वेग जास्त निघालेल्या मुलांना नियमित रक्त दिल्यास लकवा कमालीचा टळतो, हे अमेरिकेतल्या 1998 च्या चाचणीनं दाखवलं. जुलै 2023 मध्ये केंद्र सरकारची सिकलसेल निर्मूलन मोहीम आली, तपासण्या वाढल्या, हायड्रॉक्सीयुरिया मिळतं. पण डॉप्लर शंभरेक किलोमीटरवर, आणि बापाची मजुरी बुडते. चिठ्ठीवर मी "तातडीनं" लिहिलं आणि बापाला फोनवर स्वतः समजावलं. दहा मिनिटांचा लकवा हा पुढच्या मोठ्या लकव्याचा निरोप असू शकतो, आणि या मुलीचं सगळं आयुष्य त्या हातावर आहे.

दुपारी १.१०

जेवायला उठणार तोच मोटरसायकलवरून आजी, बाप आणि फडक्यात गुंडाळलेलं पाच आठवड्यांचं लेकरू. कालपासून दूध ओढत नाही, उलट्या करतं, सकाळी "हातपाय वाकडे केले". फडकं काढलं. रंग पांढराफटक. पोटावर डम्म्याचे ताजे डाग. पोट फुगलं समजून तापलेल्या लोखंडाचे चटके दिलेले. रागावायची ही वेळ नव्हती. लेकरू वाचावं म्हणूनच त्यांनी ते केलं होतं, आणि त्यासाठीच ते आता माझ्यासमोर उभे होते.

टाळूवर बोट ठेवलं. ताठ, फुगलेली, बोटाखाली दबतच नव्हती. रक्तासाठी टाच टोचली तर थेंब थांबेना. कापूस बदलला, पुन्हा भिजला. तिथंच माझ्या मनात पक्कं झालं. विचारलं, जन्म कुठं? आजी म्हणाली, माहेरी, शेतातल्या झोपडीत. नाल्याला पूर होता. म्हणजे व्हिटॅमिन के नाही.

रक्त गोठवणारे काही घटक यकृतात तयार होतात, त्यांना हे जीवनसत्त्व लागतं. ते नवजात बाळाच्या अंगात नसल्यासारखं, आईच्या दुधात अगदी थोडं. बहुतेक बाळं तरून जातात. काहींना दोन आठवडे ते तीन महिन्यांच्या दरम्यान अचानक रक्तस्राव होतो आणि तो फार वेळा मेंदूत किंवा त्याच्या वेष्टनांखाली होतो. हेन्रिक डॅम या डॅनिश शास्त्रज्ञाला हे जीवनसत्त्व सापडल्याबद्दल 1943 चं नोबेल मिळालं. आमच्या फ्रीजशेजारच्या कपाटात ते अर्ध्या बोटाएवढ्या काचेच्या अँप्युलमध्ये असतं.

एक मिलिग्रॅम दिलं. ऑक्सिजन, झटक्यांसाठी फेनोबार्बिटोन. वेष्टनांचा जंतुसंसर्गही असू शकतो आणि पाठीतलं पाणी काढून तपासायची सोय इथं नाही, म्हणून अँपिसिलीन आणि जेंटामायसीनही दिलं. आईला परतवाड्याच्या रस्त्यावर मधेच घ्यायचं ठरलं. अमरावतीला फोन लागला, खाट आणि रक्त तयार ठेवतो म्हणाले. 108 ची रुग्णवाहिका घाटांगच्या दिशेनं निघताना ड्रायव्हरभाऊंनी दार ओढलं आणि हळूच विचारलं, "लेकरू वाचन ना मॅडम?" म्हटलं, भाऊ, रक्त थांबलं तर वाचेल. सिस्टर बाळाला मांडीवर घेऊन बसल्या होत्या, कांगारूसारखं छातीशी धरणं नाही जमलं, झटके येत होते.

त्या नाल्यापलीकडच्या वाड्यांची यादी मी तेव्हाच काढायला घेतली. घरी बाळंत होणाऱ्या बाईकडे पहिल्या दिवशी कुणी पोचायचं, आणि पिशवीत काय असायचं, हे पूर येण्याआधी ठरलं पाहिजे. डाळ-भात टेबलावरच राहिला.

दुपारी ४

मलेरियाच्या काचा आणि रॅपिड किट. एक फॅल्सिपेरम निघाला, पोरगा शुद्धीवर आहे, गोळ्यांवर भागेल. या जातीचा जंतू शिरलेल्या तांबड्या पेशी मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटतात आणि वाटा बंद होतात. वेष्टनं तशीच, मान मऊ, आणि माणूस बेशुद्ध. म्हणून तापातलं बेशुद्ध लेकरू आलं की आर्टेसुनेट आणि अँटिबायोटिक दोन्ही देऊनच मी गाडी सोडते. कोणतं खरं, ते पुढे कळू दे.

संध्याकाळी ६

पन्नाशीची बाई, डावं अंग पडलेलं, बीपी 200 वर 110. पहाटे पाचला झालं. आधी भुमक्याकडे, म्हणजे गावच्या पारंपरिक वैदूकडे नेलं, त्यानं बघताच "हे माझं काम नाही, दवाखान्यात न्या" म्हणून पाठवलं, पण गाडी मिळेपर्यंत दिवस गेला. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत लागतं, तेही सीटीत रक्तस्राव नाही हे पाहून. ॲस्पिरीनही मी दिलं नाही, आत गुठळी आहे की फुटलंय हे कुणाला दिसतंय? भुमक्याला फोन केला. त्यानं बरोबर सांगितलं होतं, ते त्याला सांगितलं. पुढच्या वेळी रुग्ण निघायच्या आधी मला मिस कॉल द्यायचं त्यानं कबूल केलं.

रात्री १०

कोलकासच्या वळणावर मोटरसायकल घसरलेला तरुण. कानशिलावर सूज, दोन मिनिटं बेशुद्ध होता, आता बोलतोय, हसतोय, घरी जातो म्हणतो. कानशिलाचं हाड पातळ, त्याच्या आतून एक रोहिणी ड्यूराला चिकटून जाते. ती फाटली की मधले काही तास माणूस ठणठणीत दिसतो, आणि मग पाहता पाहता कोसळतो. डोळ्यांच्या दोन्ही बाहुल्या टॉर्चनं पाहिल्या, सारख्या आहेत. म्हणूनच आत्ता निघायचं, असं त्याच्या भावाला सांगितलं. भाऊ म्हणतो, "बरा हाये तर काऊन नेता?" परत पहिल्यापासून समजावलं.

108 अजून परतली नाही, आमची जुनी गाडी काढली. तेवढ्यात अमरावतीहून सिस्टरांचा फोन आला. दुपारच्या बाळाच्या सीटीत मेंदूच्या वेष्टनाखाली रक्त दिसलं, टाचेतून वाहणं थांबलंय, रक्त चढतंय, झटके नाहीत. सकाळी न्यूरोसर्जन बघतील. तरुणाच्या बरोबर दुसऱ्या सिस्टरला टॉर्च देऊन बसवलं. दर पंधरा मिनिटांनी बाहुल्या बघायच्या, नाव विचारायचं, झापड यायला लागली तर परतवाड्यात न थांबता सरळ पुढे न्यायचं.