लोणच्याच्या कारखान्यासमोरची कढई

अमेरिकेच्या आर्कान्सा राज्यात, लिटल रॉकहून फोर्ट स्मिथकडे जाताना वाटेत अ‍ॅटकिन्स नावाचे गाव लागते. वस्ती तीन हजारांच्या आसपास. दुसरे महायुद्ध संपल्यानंतर तिथे काकडीच्या लोणच्याचा कारखाना आला आणि पुढची कित्येक वर्षे तोच गावाची ओळख होऊन राहिला. त्या कारखान्यासमोर, रस्त्याच्या पलीकडे, बर्नेल ऑस्टिन नावाच्या माणसाचे ‘डचेस ड्राइव्ह-इन’ हे छोटे खाद्यगृह होते. गावात त्याला ‘फॅटमॅन’ म्हणत. १९६३ साली त्याने समोर तयार होणाऱ्या लोणच्याच्या चकत्या पिठात घोळवून तळल्या आणि गिऱ्हाइकांपुढे ठेवल्या. आज अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत कित्येक खानावळींच्या यादीत तळलेले लोणचे असते. त्याचा जन्मदाखला अ‍ॅटकिन्स आपल्याकडे असल्याचे सांगते.

हे लोणचे आपल्या कैरीच्या किंवा लिंबाच्या लोणच्यासारखे तेला-मसाल्याचे नसते. बोटाएवढ्या कोवळ्या काकड्या मिठाच्या पाण्यात किंवा व्हिनेगरमध्ये, लसूण आणि शेपू घालून मुरवतात. आंबट, खारट, दाताखाली करकरणारे असे हे लोणचे तिकडे सँडविचच्या कडेला किंवा बर्गरच्या पोटात जाते. ते तळावे असे कुणाला सहज सुचणार नाही. ऑस्टिनला सुचले, कारण जिन्नस समोर होता, स्वस्त होता आणि त्याच्याकडे कढई तापलेली होती. दक्षिणेत कॅटफिश हा गोड्या पाण्यातला मासा मक्याच्या पिठात घोळवून तळण्याची जुनी रीत आहे. तीच कढई, तीच रीत. नवा होता तो फक्त आत घातलेला पदार्थ.

पहिलेपणावर वाद आहेच. मिसिसिपी राज्यातले हॉलिवूड कॅफे १९६९ सालचा दाखला देऊन आपला हक्क सांगते. आणि ऑस्टिनच्याही आधी, १९ नोव्हेंबर १९६२ रोजी, कॅलिफोर्नियातल्या ‘ओकलंड ट्रिब्यून’ या वृत्तपत्रात तळलेल्या लोणच्याची कृती छापून आली होती. त्यात गोड लोणच्याच्या चकत्या आणि पॅनकेकचे तयार पीठ वापरायला सांगितले होते. म्हणजे कागदावरचा पहिला पुरावा आर्कान्साचा नाही. तरीही मला अ‍ॅटकिन्सचाच हक्क मोठा वाटतो. कृती छापणे वेगळे आणि एखादा पदार्थ गावाने आपला मानणे वेगळे. अ‍ॅटकिन्समध्ये दर वर्षी मे महिन्यात ‘पिकलफेस्ट’ भरतो. त्यात लोणचे खाण्याची आणि लोणच्याचे पाणी पिण्याची स्पर्धा होते आणि ऑस्टिनच्या घराण्याने जपलेल्या कृतीने तळलेले लोणचे विकले जाते. ती कृती आजही घराबाहेर गेलेली नाही. या शतकाच्या सुरुवातीला कारखाना बंद पडला, खाद्यगृह तर त्याच्याही आधी गेले. पदार्थ मात्र देशभर पसरला आहे.

आता काकडीकडे वळू, कारण इथे आपला थेट संबंध येतो. काकडी मुळात भारतीय उपखंडातली. तिचा रानटी, कडू पूर्वज हिमालयाच्या पायथ्याशी आजही उगवतो. लोणच्यासाठी लागणारी गर्किन म्हणजे त्याच प्रजातीची, छोटी आणि खडबडीत सालीची फळे धरणारी वाणे. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला कर्नाटकात निर्यातीसाठी या गर्किनची लागवड सुरू झाली. ती पुढे तमिळनाडू, आंध्र आणि तेलंगणात पोहोचली. केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाने जानेवारी २०२२मध्ये जाहीर केलेल्या माहितीनुसार भारत हा गर्किनचा जगातला सर्वांत मोठा निर्यातदार आहे. एप्रिल ते ऑक्टोबर २०२१ या सात महिन्यांतच १,२३,८४६ टन काकडी आणि गर्किन, सुमारे ११ कोटी ४० लाख डॉलर किमतीची, परदेशी गेली. सुमारे ९० हजार लहान शेतकरी ६५ हजार एकरांवर करार पद्धतीने हे पीक घेतात. ९० दिवसांत एकरी सुमारे चार टन माल निघतो. त्याचे साधारण ८० हजार रुपये होतात आणि खर्च वजा जाता त्यातले ४० हजार हाती राहतात, असा हिशेब त्याच माहितीत दिला आहे.

या पिकाला माणूस सतत लागतो. वेलीवरची गर्किन एका दिवसात फुगते आणि वरच्या प्रतीतून खाली घसरते. म्हणून तोडणी रोज करावी लागते. प्रतवारी आकारावर ठरते. जितकी लहान, तितका भाव जास्त. तोडलेला माल कारखान्यात जातो, धुऊन-निवडून पिंपांत मिठाच्या पाण्यात, व्हिनेगरमध्ये किंवा अ‍ॅसेटिक आम्लात भरला जातो आणि बंदराकडे निघतो. काही माल थेट बरण्यांत भरून, खायला तयार अशा स्वरूपातही जातो. खरेदीदारांत अमेरिका आहे, युरोपातले देश आहेत, रशिया आहे. तेव्हा अमेरिकेतल्या एखाद्या खानावळीत तळल्या जाणाऱ्या चकतीमागे तुमकूर, हासन किंवा हावेरीकडच्या शेतकऱ्याचे हात असणे अगदी शक्य आहे. भारतात मात्र हे लोणचे फारसे कुणी खात नाही. एवढे मोठे पीक, आणि घरच्या बाजारात त्याला जवळपास गिऱ्हाईकच नाही. अ‍ॅटकिन्समध्ये कारखान्याच्या दारात एक पदार्थ जन्मला. आपल्याकडे कारखाने आहेत, पण त्यांच्या दारात कढई अजून चढलेली नाही.

लोणचे कसे मुरते हे कळले, की तळताना काय अडते तेही कळते. मिठाच्या पाण्यात काकडी बुडवली की बहुतेक जंतू तग धरत नाहीत. लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू मात्र टिकतात. काकडीतली साखर खाऊन ते आम्ल सोडतात आणि त्या आम्लामुळे काकडी टिकते. हे दही लावण्याच्या क्रियेचेच भावंड आहे. करकरीतपणा टिकतो तो पेशीभिंतींतल्या पेक्टिनमुळे. फुलाच्या टोकाशी असलेली विकरे हे पेक्टिन मोडतात, म्हणून घरी लोणचे घालणाऱ्याने देठाच्या विरुद्ध बाजूचे टोक पातळसे कापून टाकलेच पाहिजे. कारखान्यांत करकरीतपणा राखण्यासाठी कॅल्शियम क्लोराइड घालतात. अमेरिकी कृषी खात्याच्या मार्गदर्शनानुसार २१ ते २४ अंश सेल्सियसला हे लोणचे तीन-चार आठवड्यांत मुरते आणि २७ अंशांच्या वर ते फार मऊ पडते. महाराष्ट्रात ते घालायचे तर दिवाळीनंतरची थंडीच बरी. एक लिटर पाण्याला ५० ग्रॅम मीठ, ठेचलेला लसूण, शेपूच्या काड्या आणि बी, थोडी मिरी. काकड्या पाण्याखाली दाबलेल्या राहायला हव्यात. बुळबुळीतपणा किंवा कुजका वास आला तर सगळे फेकून द्यावे, चव घेऊन पाहू नये. एवढा खटाटोप नको असेल त्याने मोठ्या शहरांतल्या किराणा दुकानांत मिळणारी गर्किनची बरणी आणावी. मात्र ती गोड नसल्याची खात्री करून घ्यावी. गोड पाकातल्या चकत्या कढईत पटकन काळ्या पडतात.

तळण्यातला खरा शत्रू पाणी. मुरलेल्या काकडीत नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी असते. चकती तापलेल्या तेलात गेली की त्या पाण्याची वाफ जोराने बाहेर पडते आणि वरचे आवरण आतून ढकलते. आवरण चिकटलेले नसेल तर ते टोपीसारखे सुटते, तेलात नुसते पीठ तळले जाते आणि चकती उघडी पडते. म्हणून चकत्या साधारण अर्धा सेंटिमीटर जाडीच्या कापाव्यात. त्याहून पातळ कापल्या तर काकडीची चवच हरवते. मग त्या स्वच्छ पंचावर पसरून, वरून दुसरा पंचा दाबून पंधरा-वीस मिनिटे निथळू द्याव्यात. ही पायरी गाळणाऱ्याला दुसरे काहीही वाचवू शकत नाही.

पाव किलो चकत्यांना एक वाटी मैदा, अर्धी वाटी पिवळे मक्याचे पीठ आणि पाऊण ते एक वाटी घट्ट ताक पुरते. मक्याचे पीठ म्हणजे दळलेला मका. पांढरे कॉर्नफ्लोअर निराळे, ते इथे चालत नाही. अमेरिकेत वापरतात ते ‘बटरमिल्क’ आपल्या ताकापेक्षा दाट असते, म्हणून दही थोड्याच पाण्यात घुसळावे. त्यात लाल तिखट, मिरपूड आणि लसणाची पूड घालावी. मीठ अजिबात नको, लोणचे पुरेसे खारट असते. मैद्याचे दोन भाग करावेत. एक भाग कोरडा ठेवावा, दुसरा ताकात कालवून भज्याच्या पिठापेक्षा किंचित पातळ करावा. चकती आधी कोरड्या मैद्यात, मग ताकाच्या मिश्रणात, शेवटी मक्याच्या पिठात. कोरडा मैदा उरलेला ओलावा शोषतो आणि ओल्या मिश्रणाला धरायला जागा देतो. रवाळ मका कुरकुरीतपणा देतो. मक्याच्या पिठात दोन चमचे तांदळाचे पीठ मिसळले तर तो कुरकुरीतपणा जास्त वेळ टिकतो. ही भर आपल्याकडची आहे आणि ती मूळ कृतीला शोभते, असे माझे मत आहे.

तेल १८० ते १९० अंशांवर असावे. तापमापक नसेल तर पिठाचा थेंब टाकावा. तो लगेच फसफसत वर आला पाहिजे, पण काळा पडता कामा नये. एका वेळी सहा-सातच चकत्या सोडाव्यात. जास्त टाकल्या की तेल थंड पडते, वाफेचा जोर कमी होतो आणि आवरण तेल पिऊ लागते. दोन मिनिटांत सोनेरी रंग येतो. काढून जाळीवर ठेवाव्यात. कागदावर ठेवल्या तर खालची बाजू वाफेने मऊ पडते.

आता सोबतचे बुडवण. अमेरिकेत आज तळलेल्या लोणच्याशेजारी ‘रँच’ असतेच आणि त्याचा इतिहासही सांगण्यासारखा आहे. स्टीव्ह हेन्सन हा नळजोडणीचा कंत्राटदार अलास्कात कामगारांसाठी स्वयंपाकही करायचा. तिथे त्याने ताक, मेयोनीज आणि वाळवलेल्या पाल्यांचे हे मिश्रण जमवले. १९५४ साली त्याने आणि त्याच्या पत्नीने, गेल हेन्सन यांनी, कॅलिफोर्नियात सांता बार्बराजवळ डोंगरातली जमीन घेतली आणि तिला ‘हिडन व्हॅली रँच’ नाव देऊन तिथे पाहुण्यांची सोय केली. पाहुणे जाताना हे मिश्रण बरणीत भरून मागू लागले. मग कोरड्या मसाल्याच्या पुड्या टपालाने जाऊ लागल्या. १९७२ साली क्लोरॉक्स या ब्लीच बनवणाऱ्या कंपनीने हा ब्रँड ८० लाख डॉलरला विकत घेतला आणि १९८३मध्ये न नासणारी बाटलीबंद रँच बाजारात आली. मधल्या काळात कंपनीला पुडीची कृती बदलावी लागली होती, कारण अमेरिकी घरांत ताक उरले नव्हते. नव्या पुडीत साधे दूध घातले तरी भागे. आपल्या घरात ताक रोजचे आहे. त्यामुळे हेन्सनची मूळ चव आपण बाटलीवाल्यांपेक्षा चांगली साधू शकतो.

अर्धी वाटी मेयोनीज, अर्धी वाटी चक्का आणि पाव वाटी ताक एकत्र फेटावे. त्यात बारीक चिरलेली शेपू दोन मोठे चमचे, कांद्याची हिरवी पात एक चमचा, लसणाची एक पाकळी किसून, मिरपूड आणि चिमूटभर मीठ घालावे. अमेरिकेत पार्सलीही घालतात. ती नसेल तर थोडी कोथिंबीर चालते, पण जास्त घातली की चटणीची चव येते. शेपूच्या बाबतीत हात आखडता घेऊ नये. आपल्या मुलांना शेपूची भाजी नको असते, पण दह्यातली कच्ची शेपू निराळी लागते, आणि बरणीतल्या लोणच्यातही तीच शेपू मुरलेली असल्याने दोन्ही चवी एकमेकींना ओळखतात. हे मिश्रण तळणाच्या आधी निदान तासभर फ्रिजमध्ये राहिले पाहिजे, तरच लसूण आणि शेपू त्यात उतरतात. स्निग्ध आणि थंड बुडवण जिभेवरचा आंबट-खारट धक्का सौम्य करते, म्हणूनच तिकडे ही जोडी टिकली आहे.

रक्तदाबाचा त्रास असणाऱ्याने दोन-तीन चकत्यांवर थांबावे. मीठ यात खरोखर भरपूर आहे.

बाकी सगळ्यांना माझी विनंती आहे. पुढची गर्किनची बरणी घ्याल तेव्हा ती कुठे भरली आहे ते मागच्या बाजूला वाचा आणि भारतात भरलेली असेल तर तीच उचला. ९० हजार घरांचे हे पीक जवळजवळ पूर्णपणे परदेशी मागणीवर उभे आहे. तिकडच्या खरेदीदाराने प्रत नाकारली किंवा जहाज लांबले, की त्या शेतकऱ्याला विचारणारे दुसरे कुणी नसते. आपल्या स्वयंपाकघरात या लोणच्याला जागा मिळाली, तर त्याला घराजवळचे एक गिऱ्हाईक मिळेल.