गायरानातील गाजर गवत: कापणी कधी करावी, कधी टाळावी

पोळ्याच्या सुमारास बऱ्याच गावांत गायरान साफ करण्याची मोहीम निघते. तोवर गाजर गवत कमरेएवढे होऊन पांढऱ्या फुलांनी भरलेले असते. ब्रश कटर फिरतो, दोन दिवसांत रान मोकळे दिसते. पुढच्या पावसाळ्यात त्याच जागी गाजर गवत अधिक दाट उगवते, आणि मग लोक म्हणतात, कापून काही उपयोग नाही. कापणी वाईट नाही, चुकते ती वेळ.

गाजर गवताचे एक झाड १५ ते २५ हजार बी देऊ शकते. फुले जुनी झाली की पक्व बी पात्याच्या धक्क्याने झडते. चिखलासोबत ते यंत्राला व चपलांना चिकटून शेजारच्या रानातही पोहोचते. म्हणजे उशिरा केलेली कापणी ही एक प्रकारे पेरणीच असते.

दुसरी अडचण फुटव्यांची. शेंडा कापला की बुडाजवळचे डोळे फुटतात आणि काही आठवड्यांत जमिनीलगतच्या बुटक्या फांद्यांवर फुले येतात. पुढच्या वेळी पाते त्यांच्या वरून जाते. त्यामुळे एकदाच कापून थांबणार असाल, तर मजुरी वाया गेली असे समजा.

कोवळे रोप पाने जमिनीवर पसरून बसते, तेव्हा कापून फायदा नाही. दांडा वर आला, कळ्या दिसू लागल्या, पण फूल उमललेले नाही, ही योग्य वेळ. साधारणपणे उगवणीनंतर चार ते सहा आठवड्यांत झाड फुलावर येते, म्हणून पाऊस सुरू झाल्यापासून दिवस मोजत राहा. नंतर दर दोन-तीन आठवड्यांनी चक्कर मारा आणि फुटवे फुलण्याआधी पुन्हा कापा.

सगळे गायरान एकसारखे कापू नका, हे मी आवर्जून सांगतो. मारवेल, पवना असे चांगले गवत जिथे टिकून आहे, तिथे गाजर गवत मुळासकट उपटा. पावसानंतर ओल असताना ते सहज निघते. गवत कापावेच लागले तर ८-१० सेंमी बुडखा ठेवा. अगदी जमिनीलगत छाटले की सावली जाते, उघड्या मातीवर ऊन पडते आणि पडून राहिलेले बी उगवते. नुसतेच गाजर गवत माजलेल्या पट्ट्यात मात्र शक्य तितके खालून कापा, आणि तिथे मारवेल किंवा स्टायलो लावून काही महिने चराई बंद ठेवा. जनावरे गाजर गवत सोडून भोवतालचे गवत खातात, त्यामुळे मोकळी झालेली जागा तणालाच मिळते. (चाऱ्याबरोबर पोटात गेलेच, तर दुधाला कडवट चव येते, हे गोठ्यातल्या माणसाला सांगायला नको.) टाकळा गाजर गवताला दाबतो हे खरे, पण जनावरे तो फारसा खात नाहीत. तो रस्त्याकडेला लावा, कुरणात नको.

पाने चाळणीसारखी झालेली दिसली तर थांबा. मेक्सिकन भुंगा काम करतो आहे. तो पट्टा कापू नका.

कापणाऱ्याने पूर्ण बाह्यांचा सदरा, हातमोजे, चष्मा आणि तोंडाला रुमाल वापरावा. या झाडाने त्वचेला खाज व चट्टे येतात, परागकणांनी दम्याचा त्रासही वाढतो. आधीपासून ज्यांच्या अंगावर पुरळ येते त्यांना या कामाला लावूच नका.

फुलाआधी कापलेले गाजर गवत खुशाल कंपोस्टच्या खड्ड्यात टाका. फुले आलेले असेल तर गोणीत भरून खोल पुरा. काम संपल्यावर यंत्र तिथल्या तिथेच झटकून धुवा. पाऊस संपला तरी पाणवठा, कालवा आणि हातपंपाजवळची ओली जागा हिवाळ्यातही बघत जा, तिथे हे वर्षभर उगवत राहते.