खोलीभर संत्री किती?

दहा बाय बाराची खोली, उंची दहा फूट. ती जमिनीपासून छतापर्यंत संत्र्यांनी भरायची, तर किती संत्री लागतील? एकही संत्रे विकत न घेता याचा अंदाज बांधता येतो.

खोलीचे आकारमान १,२०० घनफूट, म्हणजे सुमारे ३४ घनमीटर. सात सेंटिमीटर व्यासाच्या संत्र्याचे आकारमान साधारण १८० घनसेंटिमीटर. भागाकार केला की उत्तर येते १ लाख ८९ हजार. पण हा झाला संत्री चेचून ठासल्याचा हिशेब! गोल वस्तूंमध्ये फटी राहणारच.

किती राहतील, हे रचनेवर ठरते. संत्र्याच्या बरोबर डोक्यावर संत्रे ठेवले, तर जेमतेम ५२ टक्के जागा भरते: सुमारे ९९ हजार संत्री. पोती नुसती ओतून, हलवून बसवली, तर ६४ टक्के: १ लाख २१ हजार. आणि फळवाल्यासारखी, खालच्या थराच्या खळग्यांत वरचा थर बसवत रचली, तर ७४ टक्के: १ लाख ४० हजार.

याहून दाट रचना नाही, असे योहानेस केप्लरने १६११ मध्ये सुचवले. ते सिद्ध करायला थॉमस हेल्सला १९९८ मध्ये संगणकाची मदत घ्यावी लागली. फळवाल्याचे मात्र त्यावाचून कधीच अडले नव्हते.

एक सावधगिरी: व्यास नीट मोजा. सातऐवजी आठ सेंटिमीटर धरलात, तर उत्तर थेट एक तृतीयांशाने घटते. आकारमान व्यासाच्या घनाने वाढते ना!