चार पावलं तीन पायांवर

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत गुडघ्याविषयी कुणाला काही समजावून सांगावं लागत नाही. खासबागेचं कुस्तीचं मैदान हाकेच्या अंतरावर. शाहू महाराजांनी ते १९१२ मध्ये बांधून घेतलं. शाहू स्टेडियमवर फुटबॉलचा हंगाम सुरू झाला की तालमींच्या संघांचे झेंडे गल्लीगल्लीत लागतात आणि हंगामाच्या मध्यावर कुणा ना कुणा पोराचं ‘लिगामेंट गेलं’ अशी बातमी कट्ट्यावर येतेच. ऑपरेशन आत्ता करायचं की हंगाम संपल्यावर, किती महिने बसून काढावे लागतील, यावर मंडळी तासभर बोलतात आणि बहुतेक वेळा बरोबर बोलतात. त्याच कट्ट्यासमोरून एखादं पांढरं पामेरियन पळत जातं. मध्येच मागचा एक पाय पोटाशी आखडून घेतं, चार पावलं तीन पायांवर उड्या मारत जातं, पाय एकदा झटकतं आणि पुन्हा काहीच न झाल्यासारखं चारी पायांवर पळायला लागतं. ‘बघ की, कसं लंगडी घालतंय!’ म्हणून सगळे हसतात.

ती चार पावलं हसण्यावारी नेण्यासारखी नाहीत. माणसाच्या गुडघ्याबद्दल एवढं जाणणाऱ्या पेठेला कुत्र्याचा गुडघा समजायला अवघड जाऊ नये.

कुत्र्याचा गुडघा त्याच्या मागच्या पायात, पोटाच्या कडेला असतो. बरेच जण खालचा मागे वळलेला सांधा गुडघा समजतात, तो घोटा. खऱ्या गुडघ्यावर आपल्यासारखीच वाटी असते. मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला एक उभी खोबण असते आणि पाय वाकवताना, ताठ करताना वाटी त्या खोबणीतून वर-खाली सरकते. मांडीचा पुढचा मोठा स्नायू वरून वाटीला धरतो आणि वाटीखालची दोरी नडगीच्या पुढच्या उंचवट्यावर रुतलेली असते. स्नायू, वाटी, दोरी, उंचवटा हे सगळं एका रेषेत असेल तर काही बिघडत नाही. पामेरियन, चिहुआहुआ, यॉर्कशायर टेरिअर, छोटा पूडल, पग अशा जातींत अनेकदा ही रेषाच वाकडी असते. खोबण उथळ, नडगीचा उंचवटा आतल्या बाजूला वळलेला. अशा पायात वाटी खोबणीतून निसटून आतल्या बाजूला जाते. ती बाहेर असेपर्यंत कुत्र्याला पाय नीट ताठ करता येत नाही, म्हणून ते पाय उचलून धरतं. झटका दिला की वाटी जागेवर येते आणि पळणं पुन्हा सुरू. हे बहुतेक जन्मासोबत आलेल्या ठेवणीचं फळ असतं, मार लागल्याचं नव्हे. साधारण निम्म्या कुत्र्यांत दोन्ही गुडघ्यांना हाच दोष सापडतो.

तपासणीला यंत्र लागत नाही, बोटं लागतात. डॉक्टर कुत्र्याला आडवं झोपवतात, एका हाताने पंजा धरतात आणि दुसऱ्या हाताचा अंगठा वाटीवर ठेवतात. छोट्या पामेरियनची वाटी जेमतेम हरभऱ्याएवढी, तीही दाट केसांखाली. पाय ताठ करून पंजा किंचित आत वळवला आणि वाटीला हलकेच ढकललं की ती निसटते का, निसटल्यावर आपणहून परत येते का, हे बोटाला कळतं. त्यावरून चार पायऱ्या ठरतात. पहिलीत वाटी ढकलली तरच बाहेर जाते आणि सोडली की परत येते. दुसरीत ती चालता-पळताना अधूनमधून आपणहून निसटते. कट्ट्यासमोरची लंगडी बहुधा याच पायरीची. तिसरीत वाटी बहुतेक वेळ बाहेरच असते, हाताने मात्र जागेवर नेता येते. चौथीत ती कायमची बाहेर, हातानेही परत जात नाही. अशी कुत्री मागून पाहिली तर पाय धनुकलीसारखे बाकदार, बसल्यासारखी चाल. एक्स-रे त्यानंतर येतो. हाडं किती वळली आहेत आणि सांध्यात झीज किती झाली आहे, हे तो सांगतो.

ही पायरी विचारून घेणं आणि कागदावर लिहून घेणं, याला मी सगळ्यात जास्त महत्त्व देतो. कारण पुढचा प्रत्येक निर्णय तिच्यावर उभा आहे. पहिल्या पायरीच्या आणि कधीच न लंगडणाऱ्या कुत्र्याला सुरी लावायची गरज नसते. वजन आटोक्यात ठेवायचं आणि ठरावीक काळाने पुन्हा दाखवायचं. दुसऱ्या पायरीत कुत्रं किती वेळा लंगडतं, दुखतं का, हे बघून ठरवतात. तिसऱ्या-चौथ्या पायरीत मात्र थांबण्याने फायदा नाही, तोटाच. वाटी दर वेळी खोबणीच्या काठावरून घासत जाते, कूर्चा झिजते, वाकड्या ताणाखाली वाढणारी हाडंही वाकडीच वाढतात. पाच-सहा महिन्यांच्या पिल्लात जे तुलनेने सोपं असतं, ते तीन वर्षांच्या कुत्र्यात मांडीचं हाड कापून सरळ करण्यापर्यंत जाऊ शकतं. ‘लहान आहे अजून, वाढताना सुटेल’ हे वाक्य या आजारात सगळ्यात महाग पडतं.

ऑपरेशन म्हणजे नुसती वाटी जागेवर ढकलून टाके घालणं नव्हे. तेवढंच केलं तर वाकडी रेषा तशीच राहते आणि वाटी पुन्हा निसटते. म्हणून आधी खोबण खोल करतात, आणि त्यातली युक्ती देखणी आहे. खोबणीचा कूर्चेसकटचा तुकडा बारीक करवतीने अलगद उचलतात, खालचं थोडं हाड काढतात आणि तोच तुकडा खाली बसवतात. वाटीच्या दाबानेच तो जागेवर राहतो; सहसा खिळा लागत नाही आणि मूळची गुळगुळीत कूर्चा वाचते. मग नडगीचा वळलेला उंचवटा कापून बाहेरच्या बाजूला सरकवतात आणि बारीक पिनांनी, लागल्यास तारेने, पक्का करतात. आतल्या बाजूचं ताणलेलं आवरण सैल करायचं, बाहेरच्या बाजूचं सैल झालेलं टाके घालून घट्ट करायचं, हे शेवटी. प्रत्येक कुत्र्यात ही सगळीच कामं लागतात असं नाही. वाढ पूर्ण न झालेल्या पिल्लात नडगीच्या वाढीच्या रेषेला धक्का लागू नये म्हणून उंचवट्याचं काम टाळतात. दुसऱ्या-तिसऱ्या पायरीत निकाल सहसा चांगले लागतात. चौथीत खात्री कमी होते, आणि वाटी पुन्हा निसटण्याचा, पिन सरकण्याचा किंवा जंतुसंसर्गाचा धोका असतो. डॉक्टरांनी तो आधी सांगावा आणि मालकाने आधी विचारावा.

आता लिगामेंट. पोराचं लिगामेंट एका वळणात, एका धडकेत तुटतं. कुत्र्याचं बहुधा तसं तुटत नाही. महिनोन् महिने धागा धागा विरत जातं आणि एक दिवस सोफ्यावरून मारलेली साधी उडी शेवटचा ताण ठरते. घरच्यांना वाटतं उडीनेच झालं, मग सोफ्यावर चढू दिल्याबद्दल घरातल्या पोरांना बोलणी बसतात. खरं कारण रचनेत आहे. कुत्रं उभं असतानाही त्याचा गुडघा वाकलेलाच असतो आणि नडगीचा वरचा पृष्ठभाग मागे उतरता असतो. प्रत्येक पावलागणिक नडगी पुढे घसरू पाहते आणि ते लिगामेंट तिला धरून ठेवतं. ताठ उभ्या राहणाऱ्या माणसाच्या लिगामेंटला जी विश्रांती मिळते, ती कुत्र्याला मिळत नाही. वाटी वर्षानुवर्षं निसटत असेल तर हा ताण आणखी वाढतो. म्हणून म्हाताऱ्या पामेरियनमध्ये कधी कधी दोन्ही दोष एकाच गुडघ्यात भेटतात.

यावरचा विचार कसा बदलत गेला, हे जाणून घेण्यासारखं आहे. आधी तुटलेल्या लिगामेंटच्या जागी दुसरं काही बसवायचा प्रयत्न होता. पुढे सांध्याच्या बाहेरून जाड नायलॉनचा दोरा घालण्याची पद्धत रुळली. मांडीच्या हाडामागे एक चिमुकलं हाड असतं; दोरा त्याच्याभोवतून घेऊन नडगीच्या उंचवट्यात पाडलेल्या भोकातून ओवतात. दोरा जन्मभर टिकावा अशी अपेक्षाच नसते. तो धरून ठेवतो तोवर सांध्याभोवती शरीर स्वतःची जाड गाठ विणतं आणि पुढचा भार ती घेते. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या बार्कले स्लोकम या पशुशल्यचिकित्सकाने वेगळाच प्रश्न विचारला. लिगामेंट पुन्हा बनवण्यापेक्षा नडगीचा उतारच कापून, फिरवून, पट्टी ठोकून सपाट केला तर? घसरायला उतारच नाही, मग धरून ठेवायला लिगामेंट कशाला? मोठ्या कुत्र्यांत आज हीच पद्धत मुख्य मानली जाते आणि छोट्यांतही ती करतात. पण छोट्यांना एक सवलत आहे. पंधरा किलोंच्या आतली बरीच कुत्री वजन उतरवून, कित्येक आठवडे सक्त विश्रांती देऊन, ऑपरेशनशिवायही पाय टेकू लागतात. सांध्यातली गादी फाटलेली असेल, चालताना कटकट आवाज येत असेल, विश्रांतीनंतरही लंगडणं जात नसेल, तर मात्र सुरीला पर्याय नाही.

आपल्याकडची अडचण वेगळी आहे. कोल्हापूर जिल्हा दुधाचा. ‘गोकुळ’ दूध संघ १९६३ पासूनचा. इथली पशुवैद्यकी म्हशीच्या कासेभोवती आणि गाईच्या वेताभोवती वाढली आणि त्यात तिने नाव कमावलं. कुत्र्याच्या हाडांचं ऑपरेशन हे स्वतंत्र कसब आहे. त्यासाठी बारीक करवत, बारीक पिना, भूल देण्याची वेगळी सोय आणि मुख्य म्हणजे सरावाचा हात लागतो. राज्यात पशुवैद्यकाची जुनी परंपरा परळच्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयाची, १८८६ पासूनची. आपल्याला जवळचं म्हणजे महामार्गावरचं शिरवळ. तिथलं क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय १९८८ मधलं. मुंबईत महालक्ष्मीला टाटा ट्रस्टचं छोट्या प्राण्यांसाठीचं रुग्णालय २०२४ मध्ये सुरू झालं. त्यामागेही एका सांध्याचीच गोष्ट आहे. रतन टाटांनी आपल्या कुत्र्याला सांधा बदलण्यासाठी अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात नेलं होतं. तोवर उशीर झाला होता. सांधा बदलता आला नाही, डॉक्टरांना तो एका स्थितीत कायमचा पक्का करावा लागला. असं रुग्णालय आपल्या शहरात हवं, ही ओढ त्यांना त्या अनुभवातून लागली. जगातली कुठलीही दारं उघडू शकणाऱ्या माणसालाही उशीर नडला, तिथे आपण वर्षभर ‘बघू’ म्हणत बसणं कुत्र्याला किती नडेल?

म्हणून पेठेतल्या नेहमीच्या डॉक्टरांना थेट विचारा की हाडांची ऑपरेशनं ते स्वतः करतात की पुढे पाठवतात. पुढे पाठवणारा डॉक्टर कमी प्रतीचा नसतो. उलट आपली मर्यादा ओळखणारा तो. वाटीची पायरी, एक्स-रे, ऑपरेशनचा आणि नंतरच्या तपासण्यांचा खर्च लिहून मागा.

तोवर घरात काही गोष्टी कटाक्षाने टाळा. माणसाची दुखण्यावरची गोळी कुत्र्याला देऊ नका. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, पॅरासिटामॉल यांनी छोट्या कुत्र्याच्या पोटात व्रण पडतात, मूत्रपिंडं किंवा यकृत निकामी होतं आणि पाच किलोंच्या जिवाला अर्धी गोळीही फार होते. तेल लावून वाटी चोळून बसवण्याचा प्रयोग नको. उथळ खोबणीत चोळून काही टिकत नाही, दुखणं तेवढं वाढतं. मटणाच्या रश्श्यात कालवलेली भाकरी बंद करा. रश्श्यातला कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्ताला घातक, आणि वरची तर्री वजन वाढवते. पामेरियनच्या अंगावर अर्धा किलो वाढणं म्हणजे त्याच्या वजनाचा मोठा हिस्सा, आणि त्याचा ताण त्या हरभऱ्याएवढ्या वाटीवर येतो. नव्या बांधकामांतल्या चकचकीत फरशीवर मागचे पाय फाकतात, तेव्हा त्याच्या नेहमीच्या वाटेवर तरट किंवा रबरी चटई टाका. नखं कापा, पंजाच्या गादीतले केस छाटा.

ऑपरेशननंतरचे सहा ते आठ आठवडे डॉक्टरांपेक्षा घराचे असतात. जिना नाही, सोफा नाही, दार वाजलं की धावणं नाही; लघवी-शीपुरतं पट्ट्याला बांधून बाहेर, बाकी वेळ छोट्या कठड्यात. दहाव्या दिवशी कुत्रं ठणठणीत वाटतं आणि घरातल्यांना दया येते. सरकवलेलं हाड तेव्हा धरलेलं नसतं. त्या दयेने पिन उखडल्याची उदाहरणं प्रत्येक शल्यचिकित्सकाकडे असतात. एक्स-रेमध्ये हाड जुळलेलं दिसेपर्यंत पट्टा सोडायचा नाही.

पण या सगळ्याच्या मुळाशी आपली आवड आहे. १९९४ मध्ये ‘हम आपके हैं कौन’ हा सिनेमा आला आणि त्यातल्या टफीसारखं पांढरं कुत्रं घरोघरी हवंसं झालं. २००३ मध्ये हच या मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत एक पग पोराच्या मागे मागे चालला आणि पगाची लाट आली. मागणी वाढली की जी मादी हाताशी असेल तिच्यापासून पिल्लं काढली जातात, तिचे गुडघे कोण बघतो? वाटीचा हा दोष घराण्यात उतरतो. ज्याची वाटी निसटते त्या कुत्र्यापासून, ऑपरेशनने ते कितीही छान चालत असलं तरी, पिल्लं घेऊ नयेत. ऑपरेशनने पाय सुधारतो, रक्त नाही. ऑपरेशनच्याच वेळी त्याची नसबंदी करून घेणं उत्तम.

पिल्लं काढून विकणाऱ्याने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकू नये, असं २०१७ चे केंद्राचे नियम सांगतात. तुम्ही पिल्लू घ्यायला जाल तेव्हा नोंदणीचा कागद मागा, आईला चालताना बघा, आई-बापाच्या गुडघ्यांची तपासणी झाली आहे का ते विचारा आणि पैसे देण्याआधी पिल्लाचे दोन्ही गुडघे आपल्या डॉक्टरांना दाखवा. विकणारा टाळाटाळ करायला लागला तर ते पिल्लू घेऊ नका.